आणेकरीण आणि आमची साफसफाई

डॉ. कुमुदिनी हांडे मॅडमची आणि माझी ओळख झाली ती माझ्या जांभळ्या शर्टामुळे. जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण इतक्या पिढ्या इथे गेल्या की मारवाडी बोलायची वेळ आली तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मी कॉमर्स घ्यावं अशी वडिलांची इच्छा होती. मी हट्टानं सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसलो आणि पहिल्याच तासाला मॅडमनी मला उभं केलं. शर्टाचा रंग छान आहे म्हणाल्या, आणि तो कुठून आला असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, सुरतेहून. सुरतेत कुठून आला? ठाऊक नव्हतं. धुताना निघतो तो रंग पुढे कुठे जातो? तेही ठाऊक नव्हतं. "कापडवाल्यांच्या घरात ठाऊक नाही, तर मग विचारायचं कुणाला?" एवढं म्हणून त्यांनी मला बसायला सांगितलं. वर्ग हसला. मी तासभर धुमसत राहिलो.

हे मुद्दाम सांगतो, कारण मी रागीट माणूस आहे हे वाचकांना आधीच कळलेलं बरं. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्यावा असं पत्र मला गौरव समितीकडून आलं, त्यात 'लेख प्रसन्न असावा' अशी सूचना होती. मी समितीचा सदस्य असल्यानं त्या पत्रावर माझीच सही आहे. तरीही ती सूचना मला पाळता येणार नाही. गेल्या चार महिन्यांत जे घडलं ते घडल्यावर प्रसन्न लिहायला मी काही मॅडम नाही.

मॅडमना रंगाचं वेड का लागलं, हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही. पुढे एकदा बोलता बोलता कळलं. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन ज्या गावात गेली तिथे कापड रंगवण्याचे कारखाने होते. बहिणीच्या परसातल्या विहिरीचं पाणी कधी गुलाबी यायचं, कधी निळसर. बहिणीच्या हातांची कातडी कायम सोललेली असे. मॅडम दिवाळीला तिकडे जात आणि तिची धुणीभांडी स्वतः करत. रसायनांच्या या रंगांऐवजी मातीतल्या एखाद्या जिवाणूकडून रंग मिळवता आला तर, हा प्रश्न त्यांनी त्या मोरीत बसून स्वतःला विचारला. बाहेरच्या देशांत यावर काम चाललं आहे हे त्यांना वाचून माहीत होतं. आपल्या कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक, एक उबवणी यंत्र आणि एक जुना फ्रीज एवढंच आहे, हेही माहीत होतं. त्यांनी कामाला सुरुवात केली.

दुसऱ्या वर्षाला असताना गावोगावची माती गोळा करता करता त्यांनी आम्हाला आणे गावी नेलं. आण्याचं पठार कोरडं, तिथे माती गोळा करायला कशाला जायचं, अशी आमची कुरकुर. मॅडमनी एका जुन्या विहिरीत उतरून शेवटच्या पायरीखालची ओली माती स्वतः चमच्यानं काढली. परत आल्यावर आम्ही ती काचेच्या बशांमध्ये खाद्य घालून पसरली आणि उबवणी यंत्रात ठेवली. बाकीच्या गावांच्या बशांवर पिवळे-पांढरे ठिपके उगवले. आण्याच्या बशीवर काहीच नाही. ती धुऊन ठेवायचं काम माझं होतं. मी आळशी, बशी तशीच खिडकीत ठेवली आणि विसरलो. डिसेंबरचे दिवस होते. आठवड्यानं मॅडमना त्या बशीत गडद जांभळे ठिपके दिसले. त्या जिवाणूला ऊब नकोच होती, विहिरीतल्यासारखा गारवा हवा होता. मॅडमनी त्यांच्या वहीत जे लिहिलं ते आजही त्या वहीत आहे: बशी अमुक विद्यार्थ्यानं न धुतल्यामुळे शोध लागला. पुढे माझं पूर्ण नाव. माझ्या आळसाची एवढ्या सन्मानानं नोंद दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

आम्ही पोरांनी त्या जिवाणूचं नाव ठेवलं आणेकरीण. मॅडमही तेच म्हणू लागल्या. आज आणेकरणीला थंड वाटतंय, आज तिनं रंग टाकला नाही, असं घरच्या माणसाविषयी बोलावं तसं त्या बोलत. सुती कापडाचा तुकडा तिच्याबरोबर पातळ खाद्यात बुडवून ठेवला की चार-पाच दिवसांत त्यावर जांभळा चढे. मग तुकडा चांगला उकळायचा, म्हणजे जिवाणू मरतात आणि रंग तेवढा राहतो. उरलेलं पाणीही उकळूनच टाकायचं. आणेकरीण माणसाला अपाय करत नाही याची खात्री करून घेतल्यावरही मॅडमनी तिला कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही.

मात्र एक शिरस्ता त्यांनी घातला. जो विद्यार्थी आणेकरणीवर काम करेल त्यानं कॉलेज सोडताना तिची एक नळी बरोबर न्यायची, वेगळ्या गार जागी ठेवायची आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लाल तापवून निवलेल्या तारेनं, ताज्या खाद्याच्या नळीत उतरवून घ्यायची. घरोघरी विरजण सांभाळतात तसंच, फक्त स्वयंपाकघराच्या बाहेर. एका घरचं नासलं तर शेजारी मागायला जाता येतं. मॅडम नळी हातात देताना भाषण करत नसत. "पहिला सोमवार," एवढंच म्हणत.

कापड मिळवायला त्या आमच्या दुकानात आल्या तो प्रसंग सांगायलाच हवा. आम्ही जैन. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, म्हणजे इतके जीव वाढवायचे आणि मग उकळून मारायचे?" मी मध्ये पडलो. घरात आपण पाणी उकळूनच पितो, मग त्यातल्या जिवांचं काय, असं मी तोंड वर करून म्हणालो. मॅडमनी मला सर्वांसमोर गप्प केलं. वडिलांना त्या म्हणाल्या की तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. मग त्यांनी बहिणीच्या विहिरीचं सांगितलं, नाल्यात उताण्या पडलेल्या मासळीचं सांगितलं. वडिलांनी कोऱ्या मांजरपाटाचा तागा काढून समोर ठेवला. "पटलेलं नाही, पण कापड घेऊन जा," म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी एक तागा कॉलेजात जातो आणि दरवर्षी वडील 'पटलेलं नाही' हे सांगायला विसरत नाहीत.

मॅडमच्या खरेपणाचा मला किती वेळा संताप आला आहे, त्याला तर हिशेबच नाही. घोडेगावला एकदा तालुक्यातल्या बचतगटांच्या बायकांसमोर या रंगाचं प्रात्यक्षिक होतं. जांभळे रुमाल बघून बायका खूश, अधिकारी खूश. सरकारी योजनेत या रंगाचं नाव घालायचं जवळपास ठरलं होतं. एवढ्यात मागून एका बाईनं विचारलं, "उनात टिकंल का वो ह्यो?" मॅडमनी लगेच सांगितलं की नाही, उन्हात हळूहळू उडतो, त्यावर अजून काम चालू आहे. झालं. अधिकाऱ्यांनी वही मिटली. परतताना गाडीत मी वाटभर बडबडत होतो की खोटं बोलू नका, पण गप्प तरी बसायचं. मॅडमनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की त्या बाईच्या दारात कपडे वाळत घालायची दोरी असेल, आणि दोरीवर ऊन असेल. तरी आजही मला त्या मिटलेल्या वहीचा राग येतो.

त्याहून जास्त राग येतो तो आपल्या कॉलेजचा. हे ग्रंथात छापलं जाईल की नाही, मला माहीत नाही. छापलं नाही तर मी समितीचा राजीनामा देईन. इतकी वर्षं मॅडमनी जे काम केलं ते त्या एका जुन्या फ्रीजच्या जिवावर. उन्हाळ्यात वीज गेली की त्या ओलं गोणपाट घेऊन धावत येत आणि नळ्यांचा डबा माठाशेजारी ठेवून तासनतास पाणी शिंपडत बसत. आणेकरीण बाहेरच्या एखाद्या मोठ्या संस्थेत कायमची जपून ठेवावी, म्हणून पाठवणीचा अर्ज त्यांनी तीनदा केला. तिन्ही वेळा तो 'सही बाकी' म्हणून कार्यालयातच राहिला. जयंत्यांचे फलक रंगवायला लागणाऱ्या सह्या मात्र आमच्याकडे एका दिवसात होतात.

आता चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. मॅडमची साठी आणि निवृत्ती एकाच वर्षी आल्यानं माजी विद्यार्थ्यांनी समिती केली. ग्रंथ, शाल, मानपत्र, सगळं ठरलं. त्या बैठकीत एक कल्पना पुढे आली. मॅडम पंधरा दिवस बहिणीकडे चालल्या आहेत, तेवढ्यात त्यांची प्रयोगशाळा रंगवून, धुऊनपुसून चकाचक करावी, म्हणजे परत आल्यावर त्यांना आनंदाचा धक्का बसेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कल्पना ज्याची होती त्यानं मान लववून टाळ्या स्वीकारल्या. तो माणूस मी.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवायची ताकद नाही. कॉलेजचे शिपाई बबनभाऊ आणि दोन रंगारी कामाला लागले. फ्रीज उघडला तर आत नळ्याच नळ्या, प्रत्येकीत जांभळट डाग. बबनभाऊंना वाटलं, बुरशी धरली आहे. नेमके त्याच दिवशी संस्थेचे पाहुणे यायचे होते, गार पाण्याच्या बाटल्या आणि हारतुरे ठेवायला फ्रीज कार्यालयात हवा होता. बबनभाऊंनी मला फोन करून विचारलंसुद्धा, आतलं खराब झालेलं काढू का. मी दुकानात गिऱ्हाईकाला साडी उलगडून दाखवत होतो. काय खराब झालं आहे हे मी विचारलं नाही. काढा सगळं, म्हणालो. त्यांनी नळ्या फिनेलच्या बादलीत बुडवल्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांबरोबर खड्ड्यात टाकून जाळल्या. ज्या कामाचा गौरव करायचा होता ते काम आम्ही गौरवाच्या तयारीत जाळलं.

मॅडम परत आल्या त्या दिवशी आम्ही दाराला फीत बांधली होती. त्यांनी फीत कापली, पांढऱ्याशुभ्र भिंती पाहिल्या, आणि फ्रीज होता त्या जागेकडे पाहिलं. काय झालं ते बबनभाऊंनीच सांगितलं, माझ्या फोनचा उल्लेख टाळून. मॅडमनी बबनभाऊंना विचारलं, नळ्या टाकताना काच लागून हात कापला नाही ना. बबनभाऊंना रडू फुटलं. "मॅडम, शिव्या घाला मला, लई मोठी चूक झाली," असं ते म्हणत राहिले, आणि मॅडम त्यांना चहा प्यायला घेऊन गेल्या. फोनवर 'काढा' म्हणणारा मी तिथेच, कापलेली फीत हातात घेऊन उभा होतो. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नळी नेलेल्या विद्यार्थ्यांना फोन करत सुटलो. कुणी पुण्यात, कुणी परदेशात, दोघे-तिघे चांगले प्राध्यापक झालेले. सगळ्यांना आणेकरीण आठवत होती, सगळे भरभरून बोलत होते, आणि नळी एकाकडेही नव्हती. एकानं मला विचारलं, तुझ्याकडे असेल ना, तू तर गावातच आहेस. माझ्याकडे खास तिच्यासाठी गोदामात छोटा फ्रीज होता. एका लग्नसराईत गिऱ्हाइकांसाठी त्यात थंड पेयाच्या बाटल्या भरल्या, दोन पहिले सोमवार चुकले, आणि नळी वाळून गेली. ते मी मॅडमना कधी सांगितलं नव्हतं. दरवर्षी तागा घेऊन जायचो आणि नळीचा विषय टाळायचो.

कुणाकडेच नळी नाही आणि माझी वाळली, हे मी मॅडमसमोर कबूल केलं; फोनचं सांगायला मात्र जीभ रेटली नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपली जुनी वही काढली. बोट फिरवत एका नावावर थांबल्या. "सविता राहिली," म्हणाल्या. सविता दुसऱ्या वर्षीच लग्न होऊन, शिक्षण सोडून निरगुडसरला गेली होती. ती पदवीधर नाही, म्हणून आम्ही तिला माजी विद्यार्थ्यांच्या यादीतही घेतलं नव्हतं, समारंभाचं बोलावणं तर दूरच. मी तसं म्हणालोही. मॅडमनी वहीतल्या नावापुढची खूण दाखवली. नळी तिनं नेली होती.

मी त्याच दिवशी निरगुडसरला गेलो. सविताताई तिथल्या दूध संकलन केंद्राच्या तपासणी खोलीत काम करतात. मी आणेकरीण म्हटल्यावर त्या जरा घाबरल्या, केंद्राच्या फ्रीजमध्ये परवानगीशिवाय वस्तू ठेवली म्हणून मी तक्रार घेऊन आलोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी फ्रीजच्या तळाच्या कप्प्यातून घट्ट झाकणाचा एक डबा काढला. आत तीन नळ्या. तिन्ही जांभळ्या. दूध तपासायला येणाऱ्या खाद्यातलं उरलंसुरलं वापरून त्यांनी ती इतकी वर्षं चालवली होती. शिक्षण अर्धं टाकलं म्हणून मॅडमना तोंड दाखवायची लाज वाटे, त्यामुळे कधी कळवलं नव्हतं. पण इतकी वर्षं कशासाठी, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. "मॅडम म्हणल्या व्हत्या, पैल्या सोमवारी बदलायचं. मग बदलत ग्येले. बंद कर आसं कुनी म्हणलंच न्हाई की, भाऊ."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि रडलो. रागानं रडलो. आमच्याकडे पदव्या होत्या, पदं होती, दुकानं होती, आणि आम्हाला दोन ओळींचा शिरस्ता पाळता आला नाही.

सविताताई पुढच्याच रविवारी मंचरला आणि नारायणगावला एसटी बदलत, डबा मांडीवर घेऊन जुन्नरला आल्या. मॅडमनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. किती वर्षांनी भेट होत होती, पण पहिला प्रश्न एकच. "तार लाल होईस्तोवर तापवतेस ना?" सविताताई म्हणाल्या, व्हय. मॅडमनी नळी खाली ठेवली, सविताताईंचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

तेव्हा समितीला, म्हणजे मलाही, जाहीरपणे सांगतो. समारंभाच्या आत तो फ्रीज कार्यालयातून परत प्रयोगशाळेत आला पाहिजे, आणि मॅडम निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिला पाहिजे. पाणी माठातलं प्या. पाठवणीच्या अर्जावर राहिलेली सही व्यासपीठावर, सगळ्यांच्या देखत व्हावी. सविताताईंची खुर्ची पहिल्या रांगेत असावी. मानपत्र कुणी वाचायचं यावर आपण दोन बैठका घालवल्या. ते सविताताई वाचतील.

शालीचं मी बघितलं आहे. माझ्याच दुकानातली झगमगीत शाल समितीनं ठरवली होती, ती परत कपाटात गेली. वडिलांनी कोरं कापड काढून दिलं, नेहमीचं वाक्य ऐकवून. निरगुडसरहून आलेल्या आणेकरणीनं ते रंगवलं आहे. रंग एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका आला आहे, आणि मॅडमच सांगतील की तो उन्हात उडेल. उडू दे. उडाला की आम्ही ती शाल परत नेऊ आणि पुन्हा रंगवून आणू. पंच्याहत्तरीला रंगवू, ऐंशीला रंगवू, शंभरीलाही रंगवायची आहे. मॅडम, तेवढं आयुष्य आणि तेवढं आरोग्य तुम्हाला लाभावं, ही माझी मनापासून इच्छा आहे.

आणि त्यात एक दिवस असा यावा की तुम्ही आमच्यावर मनसोक्त रागवाल. तुमच्या वाट्याचा राग मी आजवर जमेल तसा करत आलो, पण तो माझ्या तोंडी शोभत नाही. फोनवर 'काढा सगळं' कोण म्हणालं, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. एकदा विचारा, मॅडम. मी उभा राहतो.